पंपाला किती?

शेतकरी कृषी पदवीधराला सर्वांत जास्त वेळा जो प्रश्न विचारतो, तो कुठल्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. कपाशीवर तुडतुडे दिसलेले असतात, कोणते औषध मारायचे हेही ठरलेले असते. मग तो विचारतो, "पंपाला किती टाकू?" लेबलवर मात्रा हेक्टरी दिलेली असते, शिफारशीच्या पुस्तिकेत दहा लिटर पाण्याला, आणि त्याच्या पाठीवरचा पंप पंधरा, सोळा किंवा वीस लिटरचा.

समजा, हेक्टरी ५०० मिलि औषध ५०० लिटर पाण्यातून फवारायचे आहे. म्हणजे लिटरला एक मिलि, पंधरा लिटरच्या पंपाला पंधरा मिलि. इथवरचा हिशेब सातवीतले पोरही करील. पण यात एकराला २०० लिटर पाणी, म्हणजे तेरा-चौदा पंप लागतील असे गृहीत धरलेले आहे. फवारणारा भरभर चालणारा असला आणि एकरात दहाच पंप बसले, तर २०० मिलिऐवजी दीडशेच मिलि औषध पिकावर पडते. कीड मरत नाही. शेतकरी औषधाला शिव्या घालतो आणि पुढच्या खेपेला दुप्पट टाकतो. पेट्रोलवरचा पॉवर पंप असला तर पाणी आणखी कमी लागते, म्हणजे पंपाची मात्रा पुन्हा बदलली. खरे उत्तर द्यायचे तर आधी पंपात साधे पाणी भरून एक गुंठा, म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा फवारून बघावी लागते. पावणेचार लिटर पाणी लागले तर चाळीसने गुणायचे, एकराला दीडशे लिटर झाले, म्हणजे दहा पंप. एकराचे २०० मिलि औषध दहा पंपांत वाटले की पंपाला वीस मिलि. एक टेप, एक बादली, एक मोजपात्र आणि अर्धा तास, एवढ्यात होणारे हे काम. बीएस्सी ॲग्रीच्या मुलांना कॅलिब्रेशनची व्याख्या पाठ असते. पाठीवर पंप घेऊन गुंठा फवारलेला मुलगा किंवा मुलगी मात्र शोधावी लागते. गावात या प्रश्नाचे उत्तर कृषी सेवा केंद्राचा दुकानदार देतो, आणि ते बहुधा टोपणाच्या मापात असते: पंपाला दोन टोपणे.

या अज्ञानाची किंमत काय असते ते २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. कारणे अनेक होती. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याला लागेल इतकी वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर येत होता. दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळली जात होती. बॅटरीवरच्या पंपांतून फार बारीक तुषार निघत होते. मास्क, हातमोजे बहुतेकांकडे नव्हतेच, आणि असते तरी त्या उकाड्यात कोणी घातले असते असे नाही. चौकश्या झाल्या, काही औषधांवर बंधने आली, दुकानदारांवर गुन्हे दाखल झाले. ते सगळे आवश्यकच होते. पण नोझल कोणते, वारा कुठून, कोणते औषध कोणात मिसळू नये, एवढ्या उंच पिकात शिरायचे की नाही, हे बांधावर उभे राहून सांगणारा प्रशिक्षित माणूस तिथे का नव्हता, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. विदर्भात कृषी महाविद्यालये नव्हती असे तर नाही.

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे १९६८ चे, अकोल्याचे १९६९ चे, परभणी आणि दापोलीची १९७२ ची. त्यांना संलग्न असलेली खासगी महाविद्यालये शंभराच्या वर गेली आहेत. दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडतात. आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या परिसंवादात "विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक ज्ञान कमी पडते" हे वाक्य उच्चारले जाते, टाळ्या पडतात, चहापान होते. हे वाक्य मला अपुरे वाटते. अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांचे तास भरपूर आहेत. जवळजवळ प्रत्येक विषयाला ते जोडलेले आहेत. खरिपाचे आणि रब्बीचे पीक प्रत्यक्ष घेण्याचा स्वतंत्र विषय आहे. शेवटच्या वर्षी गावात राहण्याचे सत्र आहे. चार वर्षांत विद्यार्थ्यावर एकदाही येत नाही ती जबाबदारी. हे पीक तुझे, याचे जे होईल त्याचा जाब तू द्यायचा, असे त्याला कोणी म्हणत नाही. निर्णय चुकला तर काय बिघडते हे ज्याने भोगलेले नाही, त्याला कौशल्य आले असे कसे म्हणावे?

प्रात्यक्षिकाचा तास कसा होतो ते आठवून पाहा. साठ मुलांची तुकडी, तिचे दोन-तीन गट, एक पंप. शिक्षक किंवा प्रक्षेत्रावरचा मजूर करून दाखवतो, पुढचे पाच-सहा जण बघतात, मागचे मोबाइल बघतात. मग जर्नल भरायचे, आणि ते सीनियरच्या जर्नलवरून भरायचे. कीटकांची पेटी आणि वनस्पतींचा संग्रहही वर्षानुवर्षे हातोहात फिरत राहतो. एखादे फुलपाखरू किती पिढ्यांचे गुण मिळवून देते ते त्यालाच ठाऊक. परीक्षेत बाटलीतली अळी ओळखायची, तोंडी दोन प्रश्न, की झाले. शेतातली बोंडअळी बाटलीत नसते. ती हिरव्या बोंडाच्या आत असते आणि बाहेरून बोंड निरोगी दिसते. कपाशीच्या शेतात फिरून वीस बोंडे तोडायची, फोडायची, त्यांत दोन किडलेली निघाली की आर्थिक नुकसानीची पातळी आली असे समजायचे. ही पद्धत माहीत नसलेला विद्यार्थी विरळा. पण वीसपैकी एक बोंड किडके निघाले आणि शेजाऱ्याने काल फवारणी केलेली आहे, अशा सकाळी "आज फवारू नका, चार दिवसांनी पुन्हा बघू" असे छातीठोकपणे सांगायला जी तयारी लागते, ती बाटलीवरून येत नाही.

आता वेळापत्रक बघा. खरिपाची पेरणी मृगाच्या पावसावर, जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत होते. तेव्हा विद्यार्थी सुट्टीवर असतो किंवा नुकताच सत्राची फी भरत असतो. पहिल्या वर्षाचे प्रवेश अलीकडे इतके लांबतात की मूल वर्गात बसते तोवर सोयाबीन शेंगेत आलेले असते. काढणी ऑक्टोबरात, तेव्हा सत्राचा अभ्यासक्रम संपवण्याची घाई. गहू-हरभरा काढायला येतो तेव्हा सराव परीक्षा. आंबा उतरतो मे महिन्यात, द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये, तेव्हा वसतिगृह रिकामे. विद्यापीठाचे सत्र इतर विद्याशाखांच्या धर्तीवर आखलेले आहे आणि पीक पावसाच्या धर्तीवर येते. त्यामुळे चार वर्षांत विद्यार्थी पेरणी एका पिकाची बघतो, कोळपणी दुसऱ्याची, काढणी तिसऱ्याची. एकाच पिकाला बियाण्याच्या पिशवीपासून बाजार समितीतल्या हिशेबपट्टीपर्यंत त्याने सोबत केलेली नसते. कृषी शिक्षणातली ही सर्वांत मोठी त्रुटी आहे असे मी मानतो, आणि ती दूर करायला नवी इमारत लागत नाही की परदेशी सहकार्य करार लागत नाही.

याच वेळापत्रकाने कौशल्य अभ्यासक्रमांचीही निवड केलेली दिसते. 'कौशल्य' म्हटले की जिकडेतिकडे गांडूळखत आणि अळिंबी. दोन्ही उपयोगी आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. पण धिंगरी अळिंबीचे पीक दीड-दोन महिन्यांत एका खोलीत निघते, म्हणून ते सत्रात बसते. ऊस बसत नाही, डाळिंबाचा बहार बसत नाही. महाराष्ट्राच्या शेतीला काय हवे याचा विचार करून ही यादी झालेली नाही. सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार नवा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून लागू होऊ लागला आहे. त्यात पहिल्या वर्षापासूनच कौशल्यवृद्धीचे विषय आहेत, एक वर्षाने प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. कागदावर हे चांगलेच आहे. तरी महाविद्यालयांनी पुन्हा खोलीत मावणारीच कौशल्ये निवडली, तर नाव तेवढे बदललेले असेल.

गावात राहण्याच्या सत्राबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण सगळी आशा तिथे ठेवली जाते. ग्रामीण कृषी कार्यानुभव, बोलीत 'रावे'. १९९२ च्या रंधावा समितीच्या शिफारशीतून तो आला, २०१५ पासून 'स्टुडंट रेडी' या मोठ्या छत्राखाली गेला. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या पुरवण्या उघडल्या की बातम्या दिसतात: 'कृषिकन्यांनी दिले बोर्डो मिश्रणाचे प्रात्यक्षिक', 'कृषिदूतांकडून बीजप्रक्रियेबाबत मार्गदर्शन'. छायाचित्रात बॅनर, बॅनरमागे पंधरा विद्यार्थी, कडेला दोन शेतकरी. मुलामुलींचा उत्साह खरा असतो, त्याची थट्टा करण्यात अर्थ नाही. अनेकांना गाव, गावातली माणसे, बाईच्या वाट्याची शेतीकामे यांची पहिली खरी ओळख याच दिवसांत होते. चुकते ते इतकेच की जो शिकायला गेला आहे त्याला मार्गदर्शक म्हणून उभे केले जाते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराने बोर्डो मिश्रण हजार वेळा केलेले असते. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मग लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी घालायचा. त्याला हे शिकवायला जाण्यापेक्षा त्याच्या हाताखाली पंधरा दिवस घालवावेत. पाऊस आला तर तो काय करतो, फुलोऱ्यात मिश्रण का टाळतो, कोणत्या फवारणीनंतर किती दिवस थांबतो, हे त्याला विचारावे. उत्तरांपैकी काही चुकीची असतील. ती चुकीची आहेत हे ओळखणे आणि मान राखून, पुरावा देऊन त्याला पटवणे, हे पदवीधराचे कौशल्य. भाषण देणे हे नव्हे.

शंभर वर्षांपूर्वीचा एक दाखला इथे आठवतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घराघरांत जाऊन पाहणी केली आणि १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, बैल किती, कुटुंबाला पुरते किती, सगळे मोजून मांडले. १९२१ मध्ये ना. वि. कानिटकरांबरोबर जातेगाव बुद्रुकची दुसरी पाहणी आली. दख्खनच्या शेतीबद्दल बोलणाऱ्याला आजही त्या पाहण्या टाळता येत नाहीत. कृषी महाविद्यालय गावात जाते तेव्हा ऐकायला आणि मोजायला जाते, ही त्यांची रीत होती. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवडमध्ये आहे, तिथे शेत शोधून सापडायचे नाही. पण आजच्या रावेच्या फायलींतल्या रांगोळीने काढलेल्या गावनकाशांकडे बघून ती रीत आपण का सोडली असे वाटते.

"ही तर शेतकऱ्यांचीच मुले, यांना हाताचे काम काय शिकवायचे?" असे एक उत्तर नेहमी मिळते. ते दोन्ही बाजूंनी लंगडे आहे. एक तर आज वर्गात बसलेल्यांपैकी कितीतरी जण नोकरदारांच्या घरचे आहेत. मुलींची संख्या वाढली आहे, आणि शेतकऱ्याच्या घरातही मुलीच्या हातात खुरपे दिले जाते, ट्रॅक्टरचे स्टिअरिंग किंवा पंप दिला जात नाही. महाविद्यालयातही प्रात्यक्षिकाला पंप मुलाच्या पाठीवर आणि तक्ता मुलीच्या हातात, असेच बहुधा असते. दुसरे म्हणजे वखर धरता येणे आणि शेतीचा सल्ला देता येणे ही वेगळी कौशल्ये आहेत. पदवीधराने मजुराशी स्पर्धा करावी असे मी म्हणत नाही. कलम बांधण्यात दापोलीकडचा कसलेला माळी त्याला कधीही हरवील. पण त्याने शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासलेली असावी, आणि उगवण ७० टक्क्यांऐवजी ६० निघाली तर एकरी तीस किलोऐवजी पस्तीस किलो सोयाबीन पेरायला सांगता यावे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभरातून तक्रारींचा पाऊस पडला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. बियाणे निकृष्ट होते, हे बऱ्याच ठिकाणी खरे होते. पण गावोगावी मे महिन्यातच गोणपाटाची चाचणी झाली असती, तर निदान दुबार पेरणीचा खर्च अनेकांचा वाचला असता. तसेच ठिबकच्या तोट्यांतून पाणी सारखे पडते का हे मोजणे, सोयाबीन खरेदी केंद्रावर नेण्याआधी ओलावा बघणे, 'माल ओला आहे' म्हणून परत पाठवणाऱ्या ग्रेडरशी आकडे हातात घेऊन बोलणे. ही कामे हात, डोके आणि तोंड तिन्ही वापरल्याशिवाय होत नाहीत.

मुलांना दोष देण्यातही मतलब नाही. ती हुशार आहेत, कशाला गुण मिळतात ते ती ओळखतात. पहिल्या वर्षापासून टेबलावर स्पर्धा परीक्षेची पुस्तके असतात: एमपीएससीची कृषी सेवा, बँकेतला कृषी अधिकारी. तिथे जे विचारतात ते पाठांतरानेच येते. खासगी कंपनी घेते ती विक्रीचे लक्ष्य गाठण्यासाठी. "आज फवारू नका" म्हणणारा प्रतिनिधी तिला परवडत नाही. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला वर्षभर इंटर्नशिप केल्याशिवाय पदवी नाही आणि परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय जनावराला हात लावता येत नाही. पिकाला औषध लिहून देण्यासाठी मात्र कुठली नोंदणी लागत नाही, उत्तरदायित्वही नाही. पदवीनंतर ज्यांना स्वतःचे सल्ला केंद्र काढायचे आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २००२ मध्ये ॲग्री-क्लिनिक योजना आणली. तिच्यात आधी पंचेचाळीस दिवसांचे प्रशिक्षण देतात. योजना चांगली आहे, महाराष्ट्राने तिचा मोठा फायदा घेतला आहे. तरी चार वर्षे शिकलेल्याला उभे राहण्यासाठी आणखी पंचेचाळीस दिवस लागतात, ही गोष्ट त्या चार वर्षांबद्दल पुरेसे सांगते.

मग करायचे काय? माझी सूचना एकच आहे आणि ती जुनीच आहे. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाच गुंठे जमीन एका पूर्ण हंगामासाठी द्या. साठ विद्यार्थ्यांना तीनशे गुंठे, म्हणजे साडेसात एकर लागतात. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एवढी जमीन आजही पडीक निघेल; खासगी महाविद्यालयाजवळ नसेल तर शेजारच्या शेतकऱ्याकडून हंगामापुरती घ्यावी. भांडवल महाविद्यालयाने उचल म्हणून द्यावे. पीक विद्यार्थ्याने निवडावे, माती नमुना त्याने काढावा, बियाणे त्याने दुकानातून पावतीसह आणावे, मजूर लागला तर मजुरी त्याने मोजावी आणि माल त्यानेच विकावा. त्यासाठी दुसऱ्या वर्षाचे सत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावे लागेल. करावे. नफा झाला तर त्याचा, तोटा झाला तर संस्थेचा. पण तोटा का झाला याचा लेखी आणि तोंडी जाब विद्यार्थ्याने द्यायचा, आणि गुण त्या जाबाला द्यायचे. उत्पादनाला गुण दिले तर पोरे रात्री चोरून युरिया टाकतील. नोंदवहीला आणि निर्णयांना दिले तर विचार करतील. परीक्षकांत एक जण आसपासचा कसणारा शेतकरी असावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्येच व्यवसायातल्या अनुभवी माणसांना पदवीची अट न घालता प्राध्यापक म्हणून बोलावण्याची वाट मोकळी केली आहे, तेव्हा यात नियमबाह्य काही नाही.

यावर जे आक्षेप घेतले जातील त्यांत खरा एकच आहे. बाकीचे, म्हणजे अपघात झाला तर, हिशेब तपासणीत अडकले तर, ते प्रशासनाचे नेहमीचे आहेत. खरा आक्षेप शिक्षकांचा. विद्यापीठांत पदे मोठ्या संख्येने रिक्त आहेत, खासगी संस्थांत तासिका तत्त्वावर कामे चालतात, आणि जे आहेत त्यांची बढती शोधनिबंधांवर ठरते. जून-जुलैच्या चिखलात साठ प्लॉट फिरणाऱ्या शिक्षकाला त्याचे काहीही मिळत नाही. तो हे काम का करील? बढतीच्या गुणपत्रकात प्लॉटवरच्या कामाला शोधनिबंधाइतके वजन दिल्याशिवाय ही सूचना दोन वर्षांत बॅनर आणि छायाचित्रापुरती उरेल, याबद्दल मला शंका नाही. हा निर्णय महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद आणि शासन यांच्या हातात आहे, विद्यार्थ्यांच्या नव्हे.

तोवर पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक करावे. प्रवेशाच्या फेरीत महाविद्यालयाचे नाव भरण्याआधी तिथे एकदा जाऊन यावे. वातानुकूलित सभागृह आणि नोकरी लागलेल्यांचे फलक दाखवले जातील. ते बघून झाले की तीन गोष्टी मागाव्यात. चालू स्थितीतले पंप किती आहेत ते मोजून दाखवा. या हंगामात विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या हातात किती गुंठे आहेत तिथवर चला. आणि मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची जमाखर्चाची वही दाखवा. तिन्हींपैकी एकही दाखवता आली नाही, तर फी भरण्याआधी दुसरे महाविद्यालय बघावे.